पैसे पडून, माणूस मिळेना: कृष्णेकाठच्या एका वस्तीतल्या संडासांचं प्रकरण

सातारा जिल्ह्यात कृष्णेकाठी ऊसपट्ट्यातलं एक गाव आहे, नाव आणि तालुका मुद्दाम सांगत नाही, लोकांना विनाकारण त्रास नको. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याला लागून तीस-चाळीस घरांची वस्ती. घरटी संडास आहे, दार आहे, नळ आहे, कागदावर गाव कधीच हागणदारीमुक्त झालंय, आणि तरी पावसाळा लागला की निम्म्या वस्तीचे संडास तुंबतात, भांड्यात पाणी वर येऊन थांबतं आणि म्हातारी माणसं पहाटे उसाच्या कडेला जातात. ग्रामपंचायतीकडं दुरुस्तीला पैसे होते. पंधराव्या वित्त आयोगातून गावाला जो निधी आला त्यातला ६० टक्के बंधित, त्यातला निम्मा पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला, त्यामुळं तो दुसरीकडं वळवताही येत नव्हता. तो खात्यावर पडून होता. काम करणारा माणूस मिळत नव्हता.

माझा संबंध एवढाच की मी सिव्हिल डिप्लोमावाला, साताऱ्यात साईट बघतो आणि गावच्या सरपंच ताई आमच्या नात्यातल्या. त्यांचा फोन आला, "दादा, जरा येऊन बघता का, इस्टिमेट करायचंय आणि भाऊसाहेबांना पण काही समजंना झालंय." भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, आमच्याकडं त्यांना तसंच म्हणतात. गेल्यावर पहिल्यांदा ड्रॉइंग मागितलं तर ते कुणाकडंच नव्हतं. कुणाच्या घराचा खड्डा कुठं आहे, किती खोल आहे, एक आहे का दोन आहेत, हे घरमालकालाही नीट सांगता येईना. "ते पोरांनी बांधलं त्यावेळी" एवढंच उत्तर.

थोडं मागं जातो. हे गाव स्वच्छतेत ढिलं वगैरे अजिबात नाही. २०००-०१ ला आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघालं तेव्हा या पट्ट्यात गावंच्या गावं झाडू घेऊन रस्त्यावर आली होती आणि त्यात हे पण होतं. पुढं निर्मल ग्राम पुरस्काराचे दिवस आले, मग २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत मिशन, घरटी १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान, आणि एप्रिल २०१८ मधे महाराष्ट्राचा सगळा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाला. वस्तीतले बहुतेक संडास या तीन-चार वर्षांतले. टार्गेट मोठं, मार्चएंड तोंडावर, आणि गवंडी होते तेवढेच. मग जो मिळेल त्याला गुत्तं दिलं. लाभार्थ्याला दारात उभा करून फोटो काढायचा, तो अपलोड झाला की काम पूर्ण. फोटोत भिंत दिसते, दार दिसतं, वरचा पत्रा दिसतो. खड्ड्याचा फोटो कोण कशाला काढेल, तो बुजवलेला असतो. माझ्या मते सगळं प्रकरण इथंच सुरू होतं, जे दिसतं त्याचा हिशोब झाला आणि जे पुढं वीस वर्षं चालायचं त्याचा झाला नाही.

जमिनीखाली काय निघालं

मंजुरी होती दोन शोषखड्ड्यांच्या संडासाची. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण एक मीटर व्यासाचे, मीटर-सव्वा मीटर खोलीचे दोन खड्डे, दोन्हीत किमान मीटरभर अंतर. आतून विटांचं गोल बांधकाम, पण जाळीदार, म्हणजे विटा सोडून सोडून लावायच्या की पाणी बाजूच्या मातीत जिरलं पाहिजे. तळाला कोबा करायचा नाही. भांड्याकडून येणारा पाईप मधल्या छोट्या चेंबरमधे येतो, तिथून इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे फुटतात, एक फाटा बंद ठेवायचा. पहिला खड्डा तीन ते पाच वर्षांत भरला की तो बंद करून दुसरा चालू. पहिला तसाच दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की आतला मैला कुजून कोरडं खत होतं, वास नाही, घाण नाही, फावड्यानं काढता येतं. मग तो खड्डा परत वापरायला मोकळा. हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही, आपल्याकडं अप्पासाहेब पटवर्धनांनी कोकणात गोपुरी संडासावर काम केलं, देहूच्या डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर संडास आणि मैल्याचा गॅस हाच विषय घेतला आणि २०१७ ला त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. म्हणजे ज्ञान महाराष्ट्रात होतं. ते आमच्या वस्तीतल्या गवंड्याच्या हातापर्यंत आलं नाही.

आम्ही लोखंडी पहार घेऊन घरोघर ठोकत फिरलो, जिथं पोकळ वाजेल तिथं उकरायचं. निघालं ते असं. बऱ्याच घरात एकच खड्डा, पण दहा-बारा फूट खोल, कारण लोकांचा हिशोब साधा होता, खोल म्हणजे जास्त वर्षं चालणार. काही ठिकाणी खड्डे दोन होते पण एकामागं एक जोडलेले, पहिला भरला की ओसंडून दुसऱ्यात, त्यामुळं दोन्ही कायम ओले आणि कुठलाच कधी विसावत नाही, म्हणजे दोन खड्डे असून एकाचाच उपयोग. दोन-तीन हौशी घरांनी स्वतःचे पैसे घालून सेप्टिक टाकी बांधली होती, टाकी झकास, आतून प्लास्टर, वर गॅसचा पाईप, पण टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्याला शोषखड्डाच नाही, पाईप सरळ गटारीत. आणि जिथं सगळं ड्रॉइंगप्रमाणं केलं होतं तिथं मधलं चेंबर अंगणाच्या फरशीखाली पुरलेलं. नवीन फरशी कोण फोडणार? मालकीणबाई म्हणाल्या, "फरशीला हात लावायचा नाही, मागच्या दिवाळीत बसवलीय."

सगळ्यात वाईट वाटलं ते एका घरात. खड्डे दोन, अंतर बरोबर, खोली बरोबर, चेंबर बरोबर, आणि आतून सगळ्या जाळीला गवंड्यानं गुळगुळीत प्लास्टर मारलेलं. का तर काम मजबूत दिसावं. चांगल्या मनानं केलेलं काम आहे हे. बंगल्याच्या कामात हाच गवंडी एक नंबर, पण बंगल्यात पाणी अडवणं म्हणजे कौशल्य आणि इथं पाणी सोडणं म्हणजे कौशल्य, आणि हे त्याला कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं.

त्यात जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिकल, पाणी जिरतच नाही. अशा मातीत खड्ड्याच्या भोवती फूटभर वाळू किंवा विटांच्या तुकड्यांचा थर देतात, म्हणजे पाण्याला पसरायला जागा मिळते. एकाही घरात तो नव्हता. वर ओढा जवळ, कॅनॉलचं पाणी आणि ऊस, त्यामुळं भूजल पावसाळ्यात जमिनीच्या अगदी जवळ येतं. बारा फुटी खड्डा म्हणजे अशा वेळी सरळ विहीरच झाली, आतला मैला भूजलात आणि भूजल आत. नियमानं खड्ड्याचा तळ भूजलापासून दोन मीटर तरी वर पाहिजे. जिथं तसं जमत नाही तिथं खड्डा कमी खोल आणि जास्त रुंद घ्यायचा, अर्धा जमिनीच्या वर काढायचा आणि भोवती मुरुमाचा भराव करायचा. मग संडासाचा जोता पण वर घ्यावा लागतो. हे ठरवायला कुणीतरी जमीन बघून निर्णय घेणारा माणूस लागतो, आणि बारा हजाराच्या हिशोबात त्या माणसाची मजुरी कुठंच धरलेली नव्हती.

अजून एक भानगड नंतरची. जल जीवन मिशनमधून घरोघर नळ आले, माणशी दिवसाला ५५ लिटरचं मानक. चांगलीच गोष्ट, पण नळ आल्यावर बाथरूम झालं, मग वॉशिंग मशिन आलं, आणि त्या सगळ्याचं सांडपाणी जवळच्या जवळ कुठं सोडायचं तर संडासाच्या पाईपला जोडून टाकलं. ग्रामीण भांड्याला, म्हणजे ज्याचा तळ जास्त उताराचा असतो त्याला, दीड-दोन लिटर पाणी पुरतं आणि खड्ड्याची मापं त्याच हिशोबानं काढलेली. आमच्या वस्तीत बहुतेकांनी बाजारातनं दिसायला चांगलं म्हणून शहरी भांडं आणलेलं, त्याला बादली ओतल्याशिवाय जात नाही. मग खड्डे मैल्यानं भरलेच नव्हते, पाण्यानं भरले होते. हे कळल्यावर निम्मं इस्टिमेट बदललं.

माणूस शोधायला गेलो तेव्हा

आता काम काय करायचं ते कळलं. सांडपाणी वेगळं काढायचं, त्याला स्वतंत्र शोषखड्डा. चेंबर शोधून एक फाटा बंद करायचा. एकच खड्डा असेल तिथं शेजारी दुसरा उथळ खड्डा. प्लास्टर फोडून जाळी मोकळी करायची. यातलं कुठलंच काम अवघड नाही. पण प्रत्येक घरचं वेगळं, एका घरी अर्धा दिवस, दुसऱ्या घरी तीन दिवस.

गावातले दोन गवंडी, एक पुण्याला कायमचा गेलेला आणि दुसऱ्याच्या हातात तीन बंगले. तो म्हणाला, "साहेब, मी तिथं हजेरीवर सहा महिने बसून खातो, तुमच्या संडासाच्या खड्ड्यात अर्ध्या दिवसासाठी कुठं उतरू, आणि उतरलो तर पुढच्या बंगल्यावाला म्हणंल ह्यो संडासवाला." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पैशाची पण आणि दुसरी पण. बाहेरून येणाऱ्या टोळ्या आहेत, विजापूरकडच्या, बिहारच्या, त्यांचं काम झपाझप आणि चोख असतं, पण त्यांना स्लॅब पाहिजे, चौरस फुटावर रेट पाहिजे. इथं चौरस फूट कशाचे मोजायचे?

प्लंबरचं तसंच. आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा, पोरं शिकून बाहेर पडतात आणि हिंजवडी-वाकडच्या टॉवरवर जातात. ज्यांना गाठलं त्यांना नळ, शॉवर, टाकी, सगळं येत होतं, शोषखड्डा आणि वाय चेंबर म्हटल्यावर तोंडाकडं बघत राहिले. शेजारच्या गावातला एक पोरगा सापडला ज्यानं घरकुल योजनेतलं ग्रामीण गवंड्याचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण केलं होतं, सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलेलं. तो आता चाकणला शेडच्या कामावर सुपरवायझर आहे. त्याला दोष कसा देणार, शिकवलंत आणि गावात काम दिलं नाहीत तर तो जाणारच. प्रशिक्षणाचे आकडे म्हणूनच मला फसवे वाटतात, किती शिकले ते मोजतात आणि त्यातले किती तेच काम करतायत ते कुणी मोजत नाही.

वरच्या पातळीवर पण तीच रड. एका शाखा अभियंत्याकडं इतकी गावं की तो रस्ते आणि शाळाखोल्यांच्या बिलातनं वर डोकं काढत नाही. तालुक्याला स्वच्छतेचे गट समन्वयक, समूह समन्वयक असतात, कंत्राटी, काहीजण खरंच तळमळीनं काम करतात, पण आमच्या गावाला जो चांगला होता तो दुसरी नोकरी लागल्यावर गेला आणि त्याच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर गेली.

हे फक्त आमच्या गावचं रडगाणं नाही. इंटरनॅशनल वॉटर असोसिएशननं २०१४ साली पंधरा विकसनशील देशांचा असा आढावा घेतला होता, पाणी आणि स्वच्छतेचं काम जाणणारी माणसं किती आहेत आणि किती लागतील. त्यातल्या फक्त दहा देशांत मिळून ७,८७,२०० प्रशिक्षित माणसं कमी पडत होती. इंजिनिअरपासून तंत्रज्ञापर्यंत सगळे धरून. आणि कारणं वाचली तर ओळखीची वाटतात, शिकलेला माणूस खेड्यात राहायला तयार नाही, निधी बांधायला मिळतो पण चालवायला मिळत नाही, कोर्स शहरी कामाचे. पाण्याच्या बाबतीत आपल्याकडं निदान 'नल जल मित्र' म्हणून गावातच एक बहुकुशल माणूस तयार करायची योजना निघाली, जो पंप, पाईप, वायरिंग, थोडं गवंडीकाम सगळं बघेल. संडासाला असा कुणी मित्र मिळालेला नाही. (नाव काय ठेवणार हा पण प्रश्नच आहे म्हणा.)

मधल्या पावसाळ्यात टँकर

माणूस मिळेना तोवर पाऊस लागला आणि लोक थांबायला तयार नव्हते. मग काही घरांनी शहरातून मैला उपसायची गाडी बोलावली. टँकर आला, पाईप सोडला, खड्डा रिकामा केला, पैसे घेतले, गेला. दुसऱ्या दिवशी खड्डा परत भरला कारण आजूबाजूचं भूजल आत आलं. एका घरात तर उपसल्यावर आतला दाब गेला आणि बाहेरच्या ओल्या मातीनं विटांचं कडं आत ढकललं, अर्धा खड्डा ढासळला. पावसाळ्यात शोषखड्डा उपसू नये हे त्या गाडीवाल्याला माहीत असायला पाहिजे होतं. त्याला माहीत नव्हतं, गाडी चालवता येते एवढंच त्याचं शिक्षण. गाडी नंतर कुठं रिकामी केली हे विचारल्यावर तो हसला. ओढ्यात किंवा कुणाच्या तरी रानात, दुसरं काय.

आणि टँकर येत नाही तेव्हा काय होतं हे पण लिहायला पाहिजे, कारण यावर सगळे गप्प बसतात. वस्तीतल्या दोन-तीन जणांनी मला सहज सांगितलं, "त्यांना बोलवू की, रात्रीचे येतात, बादलीनं काढून देतात." 'त्यांना' म्हणजे कुणाला हे सगळ्यांना ठाऊक असतं, जात सांगावी लागत नाही. २०१३ च्या कायद्यानं हाताने मैला उचलायला लावणं आणि सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत किंवा गटारात उतरवणं हा गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला अशा मृत्यूंना १० लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मधे ती ३० लाख केली. बंद टाकीतला गॅस दोन श्वासात माणूस आडवा करतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा पण जातो, बातम्या बघा, बहुतेक वेळा मेलेले दोघं-तिघं असतात. सरपंच ताईंनी ग्रामसभेत सरळ सांगितलं की ज्याच्या घरी माणूस उतरवलेला दिसेल त्याच्यावर मी स्वतः तक्रार देणार, मग तो माझा दीर का असंना. सभा गप्प झाली. कुशल कामगारांची टंचाई आपण म्हणतो तेव्हा हे पण मोजलं पाहिजे की पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजावर हे काम ढकललं म्हणून बाकीच्यांना ते शिकण्यासारखं काम वाटलंच नाही.

आण्णा मिस्त्री आणि दोन बायका

मार्ग निघाला तो अगदी अनपेक्षित जागेतनं. गावात आण्णा मिस्त्री म्हणून जुने गवंडी आहेत, सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, काम सोडून बरीच वर्षं झाली. त्यांच्या स्वतःच्या घरी दोन खड्ड्यांचा संडास गाडगेबाबा अभियानाच्या वेळचा, आणि तो एकदाही तुंबलेला नाही. त्यांना जाळीबद्दल विचारलं तर चिडलेच. "आरं लेका, जाळी बुजवली तर पाणी जायाचं कुठं, तुझ्या डोक्यावर? मी सांगत हुतो त्या पोरांना, पण म्हाताऱ्याचं कोण ऐकतंय." त्यांचा एक खड्डा बंद करून दोन वर्षं होऊन गेली होती. ताईंनी तो सगळ्या वस्तीसमोर उघडायचं ठरवलं. फेब्रुवारी २०१७ मधे तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी स्वतः खड्ड्यात उतरून असं खत काढलं होतं, ते भाऊसाहेबांना कुठल्यातरी ट्रेनिंगमधे दाखवलेलं आठवत होतं. आण्णांच्या परड्यात झाकण काढल्यावर पहिली रांग चार पावलं मागं सरकली. आत काळीभोर भुसभुशीत माती. ताईंनी ओंजळीत घेतली, मग पोरं पुढं आली, मग म्हातारे. एकानं तिथंच विचारलं हे हळदीला चालंल का. त्या एका सकाळीनं जेवढं काम केलं तेवढं पत्रकांनी केलं नसतं असं माझं मत झालंय.

पण आण्णांना खड्ड्यात बसून काम करणं शक्य नव्हतं. ते खुर्चीत बसून सांगणार, हात दुसऱ्याचे पाहिजेत. वस्तीतल्याच दोन बायका वर्षानुवर्षं गवंड्याच्या हाताखाली बिगारी म्हणून जात होत्या. माल कालवायचा, पाट्या वाहायच्या, विटा भिजवायच्या, एकीला तर सिमेंट-वाळूचं प्रमाण नजरेनं कळत होतं, पण थापी हातात कधी दिलेली नाही. झारखंडमधे स्वच्छ भारतच्या काळात बायकांना गवंडीकाम शिकवलं आणि त्यांना रानी मिस्त्री म्हणतात हे मी वाचलेलं, ते ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आपल्या काय कमी हायत?"

नवरे कुरकुरले. पारावर चेष्टा झाली. एका गवंड्यानं येऊन आण्णांना सुनावलं की बायकांच्या हातात थापी दिलीस तर आमच्या पोटावर पाय येणार, ज्या गवंड्याला स्वतः हे काम नको होतं त्यानंच. आण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. एप्रिल-मे मधे काम धरलं, कारण तेव्हा भूजल सगळ्यात खाली आणि माती कोरडी. पहिला खड्डा आण्णांनी दोनदा पाडायला लावला. ओळंबा, गुण्या, पारदर्शक लेव्हल पाईपनं उतार कसा बघायचा, जाळीत दोन इंच फट कशी ठेवायची, वरचे शेवटचे थर मात्र जाळीशिवाय भरीव का घ्यायचे म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही, हे सगळं हातानंच शिकवलं. मी फक्त प्रत्येक घराचं माप आणि भूजलाचा अंदाज लिहून देत होतो आणि ग्रामपंचायतीच्या एका जाड वहीत प्रत्येक घराच्या खड्ड्याचा नकाशा काढून ठेवला, भिंतीपासून किती फूट, चेंबर कुठं, कुठला फाटा कधी बंद केला. ती वही म्हणजे माझ्या मते या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू.

सोपी घरं लवकर झाली. नुसतं बाथरूमचं पाणी वेगळं काढल्यावर कितीतरी संडास लगेच मोकळे झाले. ओढ्यालगतच्या शेवटच्या ओळीला उंच खड्डे आणि मुरुमाचा भराव करावा लागला आणि तिथं खर्च अंदाजाच्या पलीकडं गेला, त्यातली काही घरं अजून बाकी आहेत. सेप्टिक टाकीवाल्यांना शोषखड्डा जोडून दिला, पण काळ्या मातीत तो किती साथ देतो ते अजून दोन पावसाळे बघावं लागेल. फरशीवाल्या मालकीणबाईंनी फरशी फोडू दिली नाही ती नाहीच.

मैला कुठं न्यायचा, आणि पगार कोण देणार

टाक्या आहेत तोवर गाळ उपसावा लागणारच, आणि तो न्यायला जागा लागणार. यात आपला जिल्हा खरं म्हणजे पुढं आहे. वाईत नगरपालिकेनं २०१८ पासून ठरवून दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची सेप्टिक टाकी उपसायची पद्धत चालू केली, तुंबायची वाट बघायची नाही, पैसे करातून, ठेकेदाराला उपसलेल्या टाक्यांच्या हिशोबानं बिल, आणि मैला रोज ७० हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया प्रकल्पात. साताऱ्याचा सोनगावचा प्रकल्प ६५ हजार लिटरचा, त्यातली शिल्लक क्षमता शेजारच्या जकातवाडी, कोडोली, देगाव अशा ग्रामपंचायतींना वापरायला दिली. आमचं गाव त्या टप्प्यात येत नाही, गाडीचं डिझेलच परवडत नाही. पण वाईतली शिकण्यासारखी गोष्ट मला यंत्रापेक्षा वेगळी वाटते. काम ठरलेलं आहे, वर्षभर आहे, त्यामुळं गाडीवर तीच माणसं टिकतात आणि शिकत जातात. आमच्या दोन बायकांचं नेमकं तेच अडलंय.

कारण एका गावात वर्षभर पुरेल इतकी दुरुस्ती नसतेच. म्हणून ताईंनी आजूबाजूच्या चार सरपंचांना एकत्र बसवलं. कल्पना अशी की पाच गावांनी मिळून या दोघींना आणि एका प्लंबर पोराला वर्षाचं काम बांधून द्यायचं, पैसे बंधित निधीतल्या स्वच्छतेच्या हिश्श्यातून. उन्हाळ्यात खड्डे, पावसाळ्यात शाळा-अंगणवाडीच्या संडासांची देखभाल आणि तुंबलेल्या पाईपांचे फोन, हिवाळ्यात सांडपाण्याचे शोषखड्डे. तिघं सरपंच लगेच तयार झाले. एक म्हणाला माझ्या गावात सगळं ओके आहे. त्याच्या गावात पहार घेऊन जायची माझी फार इच्छा आहे.

अडकलंय ते इस्टिमेटमधे. सरकारी दरसूचीत नवीन संडास बांधायला दर सापडतो, पण 'पुरलेलं चेंबर शोधून फाटा बदलणे' याला आयटमच सापडेना. माणसाला वर्षभर बांधून घ्यायचं म्हणजे तो पगार का मजुरी का सेवा, यावर तीन वेळा पत्रं फिरली. शेवटी शोषखड्ड्याच्या नवीन कामात दुरुस्ती बसवून बिलं काढली, बेकायदेशीर काही नाही पण ओढूनताणून. वस्तूला पैसे द्यायला आपली व्यवस्था पटकन तयार होते, आणि कौशल्य असलेल्या माणसाला बांधून ठेवायचं म्हटलं की लेखापरीक्षणाची भीती मधे येते.

आत्ताची परिस्थिती सांगतो. दोघींपैकी थोरली काम करतेय, तिला आता आण्णा लागत नाहीत, शेजारच्या गावातनं पण बोलावणी येतात आणि ती बाथरूमचं पाणी जोडलेलं दिसलं की घरमालकाला सरळ झापते. धाकटीचा हात जास्त सफाईदार, आणि म्हणूनच साताऱ्यातल्या एका टाईल्सच्या ठेकेदारानं तिला जास्त हजेरीवर बोलावलंय, बसमधे बसवून न्यायला-आणायला तयार आहे. ती अजून गेलेली नाही, दिवाळीपर्यंत बघते म्हणालीय. ताईंनी पुढच्या मासिक सभेत तिची हजेरी गवंड्याच्या बरोबरीनं करायचा विषय ठेवलाय. भाऊसाहेबांचं म्हणणं असं की तिच्याकडं सर्टिफिकेट नाही त्यामुळं कागदावर ती अकुशल धरावी लागते, आणि त्यासाठी तिला पहिल्यांदा प्रशिक्षणाला पाठवावं लागेल.